वाचकांचे प्रश्न : ‘बघू’ म्हणण्याआधी

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना ‘आपले आयुष्य आपण जगावे’ असे एक वाक्य मी लिहून गेले. लिहिताना ते अगदी सरळ वाटले होते, परंतु त्यावर आलेली पत्रे वाचल्यावर लक्षात आले की प्रत्येकाने त्यातून आपल्याला सोयीचा, किंवा आपल्याला दुखावणारा, अर्थ काढला आहे. त्यांतली तीन पत्रे या वेळी घेतली आहेत. तिन्ही नाशिक शहर आणि जिल्ह्यातील असून, लिहिणाऱ्यांची ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत.

प्रश्न : माझे वय ६६ आहे. शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले. इंदिरानगरमधला फ्लॅट मी नोकरीत असताना घेतला असून तो माझ्या एकटीच्या नावावर आहे. मुलगा, सून आणि चार वर्षांचा नातू पुण्याला वाकडमध्ये राहतात. फ्लॅट विकून मी पुण्याला यावे असे मुलगा वर्षभर म्हणतो आहे आणि मी दर वेळी ‘बघू’ म्हणते. आता त्याने गिऱ्हाईक आणले आहे व पुढच्या महिन्यात टोकन घेऊ म्हणतो. मला नाशिक सोडायचे नाही. सकाळचे फिरणे, आठवड्यातून एकदा ‘सावाना’तून, म्हणजे सार्वजनिक वाचनालयातून, पुस्तक बदलून आणणे, मंगळवारचे भजनी मंडळ, मे महिन्यात गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला, एवढाच माझा पसारा आहे; पण तो माझा आहे. मुलगा वाईट नाही. पावसाळ्यात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलेले टीव्हीवर पाहिले की लगेच फोन करतो. आमचे घर नदीपासून किती दूर आहे हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे, तरी करतो. अशा मुलाला ‘नाही’ म्हणणे हा स्वार्थ होईल का?

उत्तर : तुमच्या पत्रातला ‘बघू’ हा शब्द मी थांबून पुन्हा वाचला, कारण सगळी गाठ तिथेच बसलेली आहे. मराठी घरांत हा फार कामाचा शब्द आहे. पाहुणे जेवायला थांबा म्हणाले, शेजारणीने भिशीत या म्हटले, मुलाने मोटारसायकल मागितली, तरी ‘बघू’ म्हणून वेळ मारून नेता येते, आणि बहुतेक वेळा समोरच्याला त्यातला नकार कळतोसुद्धा. मात्र तो कळायला त्याची ऐकण्याची तयारी लागते. आई एकटी आहे या काळजीने ज्याला रात्री जाग येते, त्याला तुमच्या प्रत्येक ‘बघू’मध्ये ‘थोडा धीर धर, मी येणारच आहे’ एवढेच ऐकू आले असणार. तो वर्षभर थांबला, मग त्याने गिऱ्हाईक शोधले, आणि त्या पैशांत थोडी भर घालून पुण्यात एक खोली जास्तीचे घर घेता येईल असा हिशेबही बहुधा त्याने मांडला असेल. त्याने तुमच्यावर दडपण आणले असे म्हणण्याआधी, तुमचे मन त्याला कोणी सांगितलेच नव्हते, हे मान्य करावे लागेल. हा दोष एकट्या तुमचा नाही. ज्या मुलींना मोठ्यांपुढे ‘नाही’ म्हणण्याची मुभा कधी मिळाली नाही, त्या सासूपदाला पोहोचल्या तरी तो शब्द जिभेवर सहज येत नाही, हे मी स्वतःवरूनही सांगू शकते.

आता स्वार्थाविषयी. दुसऱ्याच्या वाट्याचे आपण घेतो तेव्हा तो स्वार्थ होतो. स्वतःच्या कमाईच्या घरात, स्वतःच्या निवृत्तिवेतनावर राहून तुम्ही मुलाच्या वाट्याचे काय घेत आहात? त्याची निर्धास्त झोप, एवढेच मला दिसते. ती मात्र खरी आहे आणि तिच्याविषयी पुढे लिहिते.

नकार द्यायचा तो टोकन घेण्याआधी द्या. टोकन घेतल्यानंतर तिसऱ्या माणसाशी ठरलेला व्यवहार मोडावा लागतो आणि त्याचा कमीपणा मुलाला सोसावा लागतो. फोनवर सांगू नका. पुण्याला जा, किंवा त्याला रविवारी बोलावून घ्या, आणि सून समोर असताना सांगा, म्हणजे तिला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागणार नाही. कारण खरे तेच द्या. ‘गुडघे दुखतात’, ‘पुण्याची हवा मानवत नाही’, ‘तिथे करमणार नाही’ अशी कारणे देण्याचा मोह होईल, परंतु खोट्या कारणाची अडचण अशी की त्यावर उपाय निघतो. मुलगा वाकडमध्ये चांगला डॉक्टर शोधील, सोसायटीतले भजनी मंडळ शोधील, आणि मग तुमच्यापाशी बोलायला काही उरणार नाही. ‘मला इथे राहायचे आहे’ या वाक्यावर कोणालाही उपाय शोधता येत नाही.

तो नाराज होईल, आणि काही आठवडे फोनवर तुटक बोलेल, असे धरून चला. खरी परीक्षा इथे आहे. आपल्या निर्णयाची जबाबदारी आपली असते, तशी त्यावरची नाराजी पचवण्याची जबाबदारी समोरच्याची असते. ती त्याच्याकडून काढून घेणे म्हणजे त्याला लहान मूल समजणे होय. नकार दिल्यावर कासावीस होऊन लगोलग भरपाई करायला धावणाऱ्या अनेक आया मी पाहिल्या आहेत. कोणी मुदतठेव मोडून देते, कोणी पाटल्या काढून देते, आणि कोणी ‘नाहीतरी हे तुझेच आहे’ म्हणत घराचे बक्षीसपत्र करून देते. यातले शेवटचे तर मुळीच करू नका. बक्षीसपत्र नोंदवले गेले की घर त्याच दिवसापासून दुसऱ्याचे होते आणि मन बदलले म्हणून ते एकतर्फी परत घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार, देखभालीच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट न पाळल्यास न्यायाधिकरणाकडून परत मिळवण्याची वाट आहे. परंतु आईने लेकाविरुद्ध त्या वाटेने जाण्याची वेळ मुळात यावीच कशाला? घर पुढे मुलालाच द्यायचे असेल तर मृत्युपत्र करा. त्याला दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही (तरी केलेली बरी), आणि हयात असेपर्यंत ते कितीही वेळा बदलता येते. जाता जाता इतर वाचकांसाठी सांगते : ज्यांचे घर पतीच्या नावावर होते आणि ते मृत्युपत्र न करता गेले, त्या हिंदू कुटुंबांत पत्नी, मुलगे, मुली, आणि पतीची आई हयात असल्यास तीही, सारख्या वाट्याच्या वारस असतात. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लागले याचा अर्थ घर आपल्या एकटीचे झाले असा होत नाही.

आता मुलाच्या झोपेचा विषय. डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ पुढे मनोविश्लेषक झाले. त्यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात असे मांडले की, एकटे राहण्याची क्षमता माणसात मुळात कोणाच्या तरी सान्निध्यात तयार होते. आई जवळपास आहे याची खात्री असलेले मूल तिच्याकडे न पाहताही आपल्या खेळात रमते. तुम्ही इंदिरानगरात एकट्या राहू शकता, त्यामागेही भजनी मंडळातल्या बायका आणि मजल्यावरचे शेजारी असल्याचा भरवसा आहे. मुलाला तो भरवसा दिसत नाही, म्हणून तो पुराच्या दिवशी फोन करतो. तेव्हा त्याला तो दिसेल अशी व्यवस्था करा. रोज सकाळी आठ वाजेपर्यंत तुमच्याकडून एक संदेश जावा. तो आला नाही तर त्याने कोणत्या शेजाऱ्याला फोन करायचा ते नाव आणि क्रमांक त्याच्यापाशी असावा, आणि त्या शेजाऱ्याकडे तुमच्या दाराची किल्ली असावी. न्हाणीघरात हाताला धरायला दांडी बसवून घ्या. औषधांची यादी फ्रिजवर चिकटवा. तातडीच्या मदतीचा ११२ आणि ज्येष्ठ नागरिकांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा १४५६७ हे दोन्ही क्रमांक त्या यादीखालीच लिहून ठेवा. ‘मला काही होत नाही’ हे वाक्य मात्र त्याच्यापुढे पुन्हा बोलू नका. स्वतःचे आयुष्य जगणे म्हणजे कोणालाही कशासाठीही हाक न मारणे, असा एक ताठा आपल्याकडे अलीकडे आला आहे. त्याने मुलांची काळजी कमी होण्याऐवजी वाढते.

शेवटचे एक. तुमच्या पत्रात नातू एका शब्दापुरता येतो. मुला-सुनेला तुम्ही हव्या आहात, की संध्याकाळी पाळणाघरातून मुलाला घरी आणणारे कोणी हवे आहे, हे तुम्ही विचारले आहे का? त्यात अपमान वाटून घेण्यासारखे काही नाही, दोन्ही गरजा प्रामाणिक असू शकतात. दुसरी गरज असेल तर तिचे उत्तर घर विकून द्यावे लागत नाही. नाशिकहून पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या आतच आहे. वर्षातले कोणते महिने तुम्ही त्यांच्याकडे राहाल ते तारखांनिशी सांगा आणि दिलेला शब्द पाळा. मे महिना मात्र व्याख्यानमालेसाठी राखून ठेवा. तो त्यांनाही आधीच सांगून टाका.

प्रश्न : मी पंचवटीतला ७४ वर्षांचा वाचक आहे. आमच्या वाड्यात आम्ही बावीस माणसे राहत होतो. ‘माझे स्वतःचे आयुष्य’ हे शब्द तिथे कोणी कधी उच्चारले नाहीत आणि कोणाचे अडलेही नाही. तुमच्या सदरातून माणसे जोडण्याऐवजी तोडण्याची शिकवण दिली जाते, असे खेदाने लिहावेसे वाटते.

उत्तर : आपला खेद मला अर्धा मान्य आहे. वाड्यात कोणाला ताप आला तर ते कळवावे लागत नसे, आणि वर मी एका बाईंना सकाळी आठच्या संदेशाची जी व्यवस्था सुचवली आहे ती आपल्या वाड्यात हास्यास्पद ठरली असती. ते गेले, याचे मलाही वाईट वाटते.

उरलेल्या अर्ध्याविषयी थोडे विचारते. आपल्या वाड्यातल्या पुरुषांना ओसरी होती. घाटावर जायचे असेल तर कोणाला विचारावे लागत नव्हते. संध्याकाळी कट्ट्यावरची बैठक होती, आणि त्या बैठकीला कोणी ‘स्वतःचा वेळ’ म्हणत नसले तरी ती तेच होती. ज्यांच्याकडे ते होते त्यांना त्याला नाव द्यावे लागले नाही. नाव देण्याची गरज माजघरातल्यांना पडली, आणि ती त्यांनी फार उशिरा, बहुधा आपल्या नातींच्या तोंडून, बोलून दाखवली. आपल्या काकू किंवा मोठी बहीण हयात असतील तर वाड्यातल्या दुपारी त्यांना दार लोटून तासभर बसता येत होते का, हे त्यांनाच विचारून पाहावे. त्यांचे उत्तर माझ्या मताविरुद्ध गेले तर तेही मी या सदरात छापीन.

जोडण्या-तोडण्याविषयी मला आपल्याच गावातली रहाड आठवते. पेशवेकाळापासूनचे ते दगडी हौद रंगपंचमीला उघडतात, त्यांत रंग कालवला जातो आणि कोण कोणाचा आहे हे न पाहता माणसे त्यात धप्पा मारतात. उरलेले वर्ष रहाड झाकलेली असते. वरून रस्ता जातो, रिक्षा उभ्या राहतात, आणि नवख्याला पायाखाली काय आहे याचा पत्ताही नसतो. ती बंद असते म्हणून नाशिककर तिला विसरले, असे आपण म्हणणार नाही. ती कधी उघडायची हे मात्र सर्वांना ठाऊक असते, आणि नात्यांत आज नेमके तेच ठरवलेले नसते. फ्लॅटमधली माणसे दार लावून घेतात याची मला चिंता नाही. ते उघडण्याचे दिवस कोणी ठरवत नाही, याची आहे. आपल्या वाड्यातले बावीस जण आता जिथे कुठे पांगले असतील, त्यांना वर्षातून एका ठरलेल्या दिवशी पंचवटीत बोलावण्याचे काम आपण अंगावर घेतलेत, तर आपल्या पत्रातल्या तक्रारीला मी लिहिलेल्या कोणत्याही उत्तराहून ते चांगले उत्तर होईल.

प्रश्न : वय २९. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर आहे आणि सिडकोत भाड्याने राहतो. निफाड तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आहे. शनिवारी रात्री गावी जातो, सोमवारी पहाटे परत येतो. नोकरी सोडून मी बाग पाहावी असे वडिलांना (वय ५८) वाटते. मला नोकरी आवडते. गेल्या ऑक्टोबर छाटणीला मला रजा मिळाली नाही, तेव्हापासून वडील माझ्याशी कामापुरतेच बोलतात आणि बाकीचे निरोप आई पोहोचवते. त्यांनी मला समजून घ्यावे यासाठी मी काय करू?

उत्तर : तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत. एक म्हणजे आपल्या पसंतीचे काम करणे, आणि दुसरी म्हणजे त्याला वडिलांची मनापासून संमती असणे. पहिली तुमच्या हातात आहे. दुसरी त्यांच्या हातात आहे, आणि ती कदाचित कधीच मिळणार नाही, हे धरूनच पुढचे वाचा. संमती मिळेपर्यंत आपण अपराधी आहोत असे मानून जो जगतो, तो नोकरीतही अर्धा असतो आणि बागेतही. तुमचा दर रविवार मला तसाच वाटतो. तिथे काम किती होते आणि प्रायश्चित्त किती, याचा एकदा हिशेब करा.

बागाईतदाराच्या बाजूने पाहिले तर वडिलांचा राग निराधार नाही. रविवार चुकला तर बागेचे फारसे बिघडत नाही, परंतु ऑक्टोबर छाटणीनंतरचे पहिले पन्नास दिवस कसे असतात हे तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही. छाटणीपाठोपाठ डोळ्यांना पेस्ट लावायची असते, पेठ-सुरगाण्याकडून आलेली मजुरांची टोळी सांभाळायची असते, फुटवा निघाला की एक बेमोसमी पाऊस डाऊनी रोगाला पुरतो आणि मग फवारणीसाठी रात्र-दिवस पाहता येत नाही. अशा वेळी ५८ वर्षांच्या माणसाला शेजारी उभे राहणारे घरचे कोणी हवे असते. त्या दिवसांत तुम्ही नव्हता. तेव्हा बावन्न रविवारांपैकी बरेचसे सोडून द्या आणि त्याऐवजी ऑक्टोबरमधले सलग बारा-पंधरा दिवस द्या. हे तुम्ही वडिलांना स्वतः सांगायचे आहे. आईला मध्ये घालू नका. तिने दोघांचे निरोप पोहोचवून दोघांचाही राग झेलावा, ही त्या बाईवर लादलेली तिसरी नोकरी आहे.

त्या बोलण्यात वडिलांना एक प्रश्नही विचारा : मी येणार नाही असे धरले तर बागेचे काय करावे असे तुम्हाला वाटते? तो त्यांना आजवर कोणी विचारला नसेल. ‘माझ्यानंतर कोण’ ही चिंता ते तुमच्या नोकरीवरच्या रागातून बोलून दाखवत असावेत, कारण शेतकरी बापाला राग बोलता येतो, चिंता बोलता येत नाही. कदाचित ते दोन एकर वाट्याने द्यायला तयार होतील, कदाचित बाग कमी करून कमी कष्टाचे पीक घेतील, कदाचित काहीच बदलणार नाहीत. तो निर्णय त्यांचा आहे. तुम्ही त्यांना जसे आपले आयुष्य आपल्याला ठरवू द्या म्हणता, तसेच त्यांनाही त्यांचे ठरवू द्यावे लागेल, आणि त्यांनी तुमच्या मते चुकीचे ठरवले तरी वाद घालण्याचा हक्क तुमच्याकडे थोडाच उरतो. ‘पाच-सात वर्षांनी पाहू, मग येईन’ असे आश्वासन मात्र मनात नसताना देऊ नका. इंदिरानगरच्या बाईंचे पत्र वर आहेच.

कारखान्यात दिवाळीच्या तोंडावर रजेसाठी सगळ्यांचीच झुंबड असते. तेव्हा ऑक्टोबरच्या रजेचा अर्ज या आठवड्यातच द्या, आणि तो मंजूर झाला की छाटणीची तारीख विचारायला वडिलांना स्वतः फोन करा.